ऊब ठेवून हवा बदलायची तर

आई पहिल्यांदा हिवाळ्यात आमच्याकडे लीड्सला आली, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तिनं आमच्या बेडरूमचं दार उघडलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "अरे, किती कोंदटलंय! खिडकी उघड की जरा." बाहेर एक अंश होता. मी खिडकी उघडली. दहा मिनिटांत ती शाल गुंडाळून रेडिएटरला टेकून बसली आणि म्हणाली, "लाव बाबा आता." थंड देशांतल्या घरांचा हवेचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत येतो. खिडकी उघडावी तर पैसे मोजून तापवलेली हवा बाहेर जाते. लावून घ्यावी तर श्वासाची, अंघोळीची, कुकरच्या वाफेची ओल आतच राहते आणि मार्च उजाडेपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात.

या पेचावर एक यंत्र आहे. ब्रिटनमध्ये त्याला एमव्हीएचआर म्हणतात, कॅनडात एचआरव्ही, स्वीडनमध्ये एफटीएक्स. काम सगळीकडे एकच. स्वयंपाकघर, बाथरूम, संडास इथली ओलसर, वासाची हवा सतत हळूहळू ओढून बाहेर टाकायची, तेवढीच ताजी हवा बाहेरून घेऊन झोपायच्या-बसायच्या खोल्यांत सोडायची, आणि वाटेत दोघींची गाठ घालून जाणारीची ऊब येणारीला द्यायची. घाटातल्या पायवाटेवर एकजण कोकणात उतरतोय, दुसरा थंडीत वर चढतोय. उतरणाऱ्याला घोंगडी आता नको आहे, चढणाऱ्याला हवी आहे. मध्ये गाठ पडली की पहिल्यानं ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावी, तसा हा व्यवहार. फक्त इथे दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. यंत्राच्या पोटात पातळ प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत असते. एका फटीतून जुनी हवा बाहेर जाते, लगतच्या फटीतून नवी हवा उलट दिशेनं आत येते, आणि ऊब पत्र्यातून पलीकडे जाते. उलट दिशेलाच सगळं महत्त्व आहे. दोन्ही हवा एकाच दिशेनं वाहिल्या असत्या तर व्यवहार निम्म्यावर थांबला असता. समोरासमोरून गेल्यामुळे चांगल्या यंत्रात ऐंशी ते नव्वद टक्के ऊब परत मिळते. बाहेर शून्य आणि आत वीस अंश असेल तर खोलीत येणारी हवा सोळा ते अठरा अंशांची असते. वास येत नाही, झोत जाणवत नाही.

पत्र्यांऐवजी विशिष्ट पडदा वापरला तर उबेबरोबर थोडी वाफही परत येते. त्याला ईआरव्ही म्हणतात. कॅनडातल्या कोरड्या हिवाळ्यात, जिथे नाकातून रक्त येण्यापर्यंत हवा सुकते, तिथे तो बरा. ब्रिटनच्या ओल्या घरात मात्र वाफ परत आणण्यात काही अर्थ नाही.

घराला हवा किती लागते, हा प्रश्न यंत्रापेक्षा बराच जुना. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये एक साधा निकष मांडला. माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड घरातल्या हवेत हजारात एका भागापर्यंत पोचला, की ती हवा शिळी समजावी. हा वायू तेवढ्या प्रमाणात विषारी नव्हे, हे त्यांना माहीत होतं. पण त्याच्यासोबत श्वासाचं आणि घामाचं बाकी सगळंही साठतं, आणि मोजायला हा सोपा. आज ज्याला दशलक्षात १००० भाग म्हणतात, तो हाच आकडा. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेची आजची शिफारसही तिथूनच सुरू होते: १००० च्या आत ठीक, २००० च्या वर अजिबात चालणार नाही. बाहेरच्या मोकळ्या हवेत सध्या सवाचारशेच्या आसपास असतो. दोन माणसं बंद दाराच्या तीस घनमीटरच्या खोलीत रात्रभर झोपली, तर पहाटेपर्यंत २००० कधीच ओलांडलेले असतात. आईनं नाकाला पदर लावला तेव्हा आमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. नंतर आणलं आणि तिच्या नाकाला मानलं.

पूर्वी या हवेची वेगळी व्यवस्था करावी लागत नसे, कारण घरं गळकी होती. कोळशाची शेगडी आणि धुराडं घरातली हवा आपोआप ओढून नेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं आणि उत्तरेकडच्या देशांत लोक फटी बुजवायला लागले. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरात १९७७ मध्ये एक प्रयोगाचं घर बांधलं गेलं. हॅरल्ड ऑर, रॉब ड्यूमाँ, रॉबर्ट बेसंट ही त्यामागची मंडळी. रेजायनात थंडीत पारा उणे तीसवर जाणं नवल नाही, तरी या घरात भट्टी नव्हती. जाड भिंती आणि घट्ट बांधणी यांवर मुख्य भिस्त. पण घर इतकं घट्ट झालं की माणसं श्वास कुठून घेणार? म्हणून त्यांनी हवेतून हवेत ऊब देणारं यंत्र स्वतःच तयार केलं. आजच्या चकचकीत खोक्यांचा हा पूर्वज. सामान्य घरासाठी हा विचार इतका पूर्णपणे करणाऱ्या सुरुवातीच्या घरांपैकी हे एक.

दुसरा टप्पा जर्मनीतल्या डार्मश्टाटचा. व्होल्फगांग फाइस्ट यांनी स्वीडनच्या बू आडाम्सन यांच्याबरोबर मांडलेल्या कल्पनेतून क्रानिखश्टाइन भागात चार जोडघरं उभी राहिली आणि १९९१ मध्ये त्यांत कुटुंबं राहायला गेली. पासिफहाउस म्हणून जे नाव पुढे जगभर गेलं ते इथलं. त्याचे निकष कडक आहेत: उबेसाठी वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त खर्च नको, यंत्रानं किमान ७५ टक्के ऊब परत द्यावी, आणि एक घनमीटर हवा हलवायला पंख्यांनी ०.४५ वॉट-तासाहून जास्त वीज घेऊ नये. हा शेवटचा निकष लोक वाचत नाहीत, आणि तिथेच पैशांचं गणित अडतं.

ते गणित एकदा कागदावर मांडून बघू, कारण विकणारे ते क्वचितच पूर्ण मांडतात. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला किमान ३१ लिटर हवा लागते, म्हणजे तासाला सुमारे ११२ घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला ०.३४ वॉट-तास लागतात. थंडीचे सात महिने धरले आणि आत-बाहेर सरासरी दहा अंशांचा फरक धरला, तर या हवेबरोबर वर्षाला १९०० युनिटांच्या आसपास ऊब बाहेर जाते. यंत्रानं ८५ टक्के परत आणली तर १६०० युनिट वाचतात. ऐकायला उत्तम. पण यंत्राचे दोन पंखे बारा महिने चालतात; ३५ वॉट धरले तर ३०० युनिट वीज जाते. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळपास चौपट महाग आहे. म्हणजे वाचलेला १६०० युनिटांचा गॅस ४०० युनिट विजेच्या मोलाचा. बॉयलरची तूट धरून थोडा अधिक म्हणा. त्यातून पंख्यांचे ३०० गेले. उरलं शंभर-दीडशे युनिटांचं मोल, आणि ते वर्षाच्या फिल्टरमध्ये संपतं. बसवायचा खर्च हजारो पौंडांचा, तो या हिशेबात धरलेलाच नाही. हीट पंप असला तरी चित्र फारसं पालटत नाही, कारण तोही एका युनिटात तीन युनिट ऊब देतो. रेजायनाच्या थंडीत बचत दुपटीहून जास्त होते, तिथे गणित जुळतं. लीड्स, लंडन, अॅमस्टरडॅममध्ये बिल वाचेल म्हणून हे यंत्र घेणाऱ्याची निराशा होणार.

मग घ्यायचं कशासाठी? हवेसाठी. ऊब परत मिळते म्हणून भर जानेवारीत रात्रभर हवा बदलणं परवडतं, एवढाच तिचा उपयोग. खरी तुलना उघड्या खिडकीशी नाही, कारण जानेवारीत खिडकी कोणी उघडतच नाही. तुलना ओल आलेल्या भिंतीशी आहे. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते बाहेर गेलं नाही तर सगळ्यात थंड कोपरा गाठतं. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी त्याचं कारण घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क असं नोंदवलं. कुटुंब तक्रार करत होतं आणि घरमालक संस्था त्यांच्या राहणीवर, अगदी बादलीनं अंघोळ करण्यावर बोट ठेवत होती. बादली-तांब्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते वाचून वेगळंच लागतं. पुढे त्याच्या नावानं कायदा झाला. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांना तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे आणि ओल-बुरशीच्या तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत हालचाल करणं घरमालकाला बंधनकारक आहे. खिडकी उघडत जा, एवढं सांगून आता भागत नाही.

हवा बदलायचे दुसरे मार्गही आहेत आणि बऱ्याच घरांना तेच पुरतात. जर्मनीत दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायची शिस्त आहे, तिला श्टोसल्युफ्टन म्हणतात. जर्मन भाडेकराराला हा शब्द नवा नाही. हवा बदलते आणि भिंती गार होत नाहीत, पण रात्री दोनला कोण उठणार? फ्रान्सनं नव्या घरांत सतत, सगळ्या घराचं वायुवीजन कित्येक दशकांपूर्वीच सक्तीचं केलं. तिथे एकच पंखा बाथरूम-स्वयंपाकघरातून हवा ओढतो, खोल्यांत खिडकीच्या वरच्या फटीतून हवा येते, आणि ओल वाढली की झडपा आपोआप जास्त उघडतात. ऊब परत मिळत नाही, पण पाइप कमी, बिघाड कमी, खर्च कमी. जुन्या घरासाठी मला हाच उपाय सगळ्यात समंजस वाटतो, आणि त्याची जाहिरात सगळ्यात कमी होते. ब्रिटनमधले घरमालक माळ्यावर एक पंखा बसवून जिन्याच्या डोक्यावरून घरात हवा ढकलतात; बुरशी कमी होते, थंड झोताच्या तक्रारी वाढतात. भिंतीला भोक पाडून बसवायची सुटी यंत्रंही मिळतात. त्यांच्या नळीत मातीचा सच्छिद्र गाभा असतो. मिनिटभर हवा बाहेर जाते आणि गाभा तापवते, मग पंखा उलटा फिरतो आणि तीच ऊब घेऊन हवा आत येते. जोडीनं बसवायची असतात, एक घेत असताना दुसरं सोडतं. एक-दोन खोल्यांपुरती चांगली, पण वाऱ्याच्या भिंतीवर डगमगतात, आणि उशाशी दर मिनिटाला बदलणारा सूर सगळ्यांनाच सोसवत नाही.

संपूर्ण घराची यंत्रणा घ्यायचीच असेल तर पहिला प्रश्न घर गळकं किती, हा. पुढच्या दारात मोठा पंखा लावून घरात ५० पास्कल दाबाचा फरक करतात आणि किती हवा झिरपते ते मोजतात. पासिफहाउसला तासाला घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीची मुभा आहे. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत हाच आकडा दहाच्या आसपास जातो. अशा घरात यंत्रातून जाते त्याहून जास्त हवा फळ्यांच्या फटींतून, सॉकेटमागून, माळ्याच्या झाकणाच्या कडेनं मनाला येईल तशी ये-जा करते आणि तिची ऊब कोणीच परत आणत नाही. भोक पडलेल्या बादलीला वरून झाकण लावण्यातला हा प्रकार. माझं मत विचाराल तर तीनच्या आत असाल तर जरूर बसवा, पाचच्या वर असाल तर आधी फटी बुजवा. आम्ही आधी फटी बुजवल्या. दोन शनिवार-रविवार पोटावर पडून फळ्यांच्या सांध्यांत पट्टी भरण्यात गेले.

आता बसवण्याविषयी, कारण सगळ्या गोष्टी इथेच बिघडतात. दुकानात गेल्यावर लोक यंत्राचे टक्के बघतात: हे ८९ टक्के, ते ९३ टक्के. यंत्र ही यातली सगळ्यात कमी चिंतेची बाब. चिंता पाइपांची.

आमच्याकडे पहिल्यांदा ज्यानं काम केलं, त्यानं माळ्यावरून सगळीकडे पेटीच्या भात्यासारखा चुण्यांचा चंदेरी पाइप फिरवला. एक दिवसात काम उरकलं आणि आम्हीही खूश. रात्री बेडरूममध्ये शीळ. आठ दिवसांनी मी एका मित्राकडून वायुवेगमापक मागून आणला: पंचपात्रीएवढा छोटा पंखा, पुढे कापडी टोपी. ती टोपी छताच्या झडपेवर दाबून धरायची, आत पंखा फिरतो, आकडा दिसतो. आमच्या खोलीत सेकंदाला ८ लिटर यायला हवे होते, येत होते ३. मुलीच्या खोलीत २. बाथरूममधून मात्र १५ ओढले जात होते. म्हणजे घर सतत उपाशी, आणि तूट भरून काढायला दाराखालून, खिडकीच्या फटीतून थंडगार हवा येत होती. माळ्यावर चढून पाहिलं तर पाइप एका तुळईच्या कोपऱ्यावर दुमडलेला होता, आणि त्यावर कोणीतरी सुटकेस ठेवलेली. ती सुटकेस आमचीच होती, हे मान्य करतो.

चुण्यांच्या पाइपात हवेला अडथळा फार होतो आणि दबला की कायमचा दबतो. त्याऐवजी दोन धड मार्ग आहेत. एक, गुळगुळीत पत्र्याचे गोल पाइप, मुख्य वाहिनी साधारण १२५ मिलिमीटरची आणि तिला फांद्या. दुसरा, मध्ये एक वाटपाची पेटी आणि तिथून प्रत्येक खोलीला ७५ मिलिमीटरचा वेगळा, आतून गुळगुळीत प्लास्टिकचा पाइप. मध्ये सांधा नाही. जुन्या घरात दुसरा सोपा, कारण तो तुळयांमधून ओवता येतो, आणि एका खोलीतलं बोलणं पाइपातून दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही. पाइपात हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर आवाज सुरू. सेकंदाला ८ लिटर एका ७५ च्या पाइपातून कसेबसे जातात. स्वयंपाकघरातून १३ ओढायचे, म्हणून तिकडे दोन पाइप न्यावे लागतात. यंत्राला लागून आवाज शोषणारी नळकांडी बसवायची. पहिल्या कारागिरानं ती वगळली होती, "लागत नाहीत हो," असं म्हणून.

यंत्र कुठे ठेवायचं? बहुतेक ब्रिटिश घरांत ते थंड माळ्यावर जातं, कारण तिथे जागा असते. शक्य असेल तर असं करू नका. जिन्याखालचं किंवा वरच्या मजल्यावरचं एखादं कपाट द्या. यंत्रात घरातली ओली हवा गार होते तेव्हा पाणी सुटतं. ते वाहून न्यायला उताराचा पाइप आणि वास अडवणारा पाण्याचा वाक लागतो. माळ्यावर तो पाइप जानेवारीत गोठतो. आमच्या छतावर चहाचा कप ठेवल्यासारखा तपकिरी गोल डाग पडला, तेव्हा आम्हाला हे समजलं. बाहेरून यंत्राकडे येणारा आणि यंत्रातून बाहेर जाणारा, हे दोन पाइप घराच्या उबेत नेहमी थंडच असतात. त्यांच्यावर हवाबंद जाड वेष्टण नसेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखे घामेजतात. थंड माळ्यावर उलट आहे: तिथे खोल्यांचे पाइप गुंडाळावे लागतात, नाहीतर परत मिळवलेली ऊब माळ्याला वाटून मोकळे.

हवा घेण्याचं तोंड बॉयलरच्या धुराड्यापासून, कचऱ्याच्या डब्यांपासून, शेजाऱ्याच्या गाडीपासून दूर हवं. घरात लाकडाची उघडी शेगडी असेल तर आधी जाणकाराला विचारा, कारण यंत्राचा तोल ढळला तर धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो. आणि दारं. हवा बेडरूममध्ये येते आणि बाथरूममधून जाते, म्हणजे मधली दारं बंद असतानाही तिला वाट हवी; इंग्लंडच्या नियमांत दाराखाली १० मिलिमीटरची फट ठेवायला सांगितली आहे. वर्षभरानं नवा गालिचा घालतात, तो ही फट गिळतो, आणि यंत्रणा बिघडली म्हणून फोन जातो.

सगळं जोडून झालं की प्रत्येक झडप मोजून फिरवायची, कुलूप लावायची, आणि आत येणारी व बाहेर जाणारी हवा एकूण सारखी आहे हे कागदावर लिहून द्यायचं. दिवसभराचं कंटाळवाणं काम, म्हणून ते टाळलं जातं. ब्रिटनमध्ये इनोव्हेट यूके कार्यक्रमातल्या नव्या घरांची तपासणी झाली, तेव्हा प्रवाह आणि तोल नीट जुळवलेल्या यंत्रणा फार थोड्या निघाल्या. नेदरलंड्समध्ये आमर्सफोर्ट शहराच्या फाटहोर्स्ट या नव्या वसाहतीत तर मोठं प्रकरण झालं. २००७-०८ च्या सुमारास रहिवासी डोकेदुखी, खोकला, थकवा यांच्या तक्रारी घेऊन पुढे आले. तपासात अपुरी हवा, आवाज, घाणेरडे फिल्टर आणि पाइप आढळले. आवाज नको म्हणून लोकांनी यंत्र सगळ्यात मंद ठेवलं होतं, म्हणजे हवा आणखी कमी. दोष कल्पनेचा नव्हता. पण त्या वसाहतीमुळे डच घरांत या यंत्राचं नाव काही वर्षं संशयानंच घेतलं गेलं. स्वीडननं धडा आधीच घेतला होता. तिथल्या मोठ्या इमारतींत वायुवीजनाची ठरावीक वर्षांनी सरकारी नियमानं तपासणी होते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून.

आता घरातली माणसं. फिल्टर तीन महिन्यांनी बघायचे, सहा महिने ते वर्षात बदलायचे. एप्रिलमध्ये मी झाकण काढतो तेव्हा बाहेरच्या बाजूचा फिल्टर चुलीच्या तव्यासारखा काळा असतो. त्यात डास, पाकोळ्यांचे पंख, एखादा कोळी. हे सगळं नाहीतर फुप्फुसात गेलं असतं, असं म्हणून बायको मला दरवेळी तो मुलांना दाखवायला लावते. आतला फिल्टर पिवळट आणि किंचित चिकट. त्याला हिंगाचा वास येतो.

इथे आपल्या घरांचा खास प्रश्न आहे. इंग्लंडमधल्या आराखड्यांत स्वयंपाकघराची झडप सेकंदाला १३ लिटर ओढते. बटाटे उकडण्यापुरतं ते ठीक. मोहरी तडतडली, लाल मिरची पडली, की १३ लिटर काही करू शकत नाहीत. ठसका तिसऱ्या खोलीत पोचतो. पासिफहाउसवाले सांगतात की शेगडीवर कोळशाच्या फिल्टरचा, हवा तिथल्या तिथे फिरवणारा हुड लावा, म्हणजे भिंतीला भोक पडत नाही. माझं त्यांच्याशी जमत नाही. फोडणीचं तेल आणि मिरचीचा धूर त्या कोळशाला दाद देत नाहीत. थेट बाहेर टाकणारा, उलटी हवा न येऊ देणारी झडप असलेला वेगळा हुड हवा, आणि तो चालू असताना खिडकी बोटभर उघडी. स्वयंपाकघराची झडप शेगडीपासून दूर ठेवा, तिला धुता येईल अशी जाळी लावा. घट्ट घराच्या शुद्धतेत एवढी तडजोड चालते. आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती? आईला मी ती बाथरूमच्या दाराजवळ लावायला सांगितली, तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

उन्हाळ्यात हे यंत्र घर गार करतं, असाही एक गैरसमज आहे. यंत्रात एक बगलवाट (बायपास) असते. रात्री बाहेर गार झालं की हवा ऊब न देता-घेता सरळ आत येते. पण तासाला ११२ घनमीटर हवा पाच अंशांनी गार असली तरी तिनं नेलेली उष्णता दोनशे वॉटही भरत नाही, आणि एक एसी काही हजार वॉट ओढून नेतो. हे यंत्र घर थंड करत नाही. उन्हाळ्यात खिडक्या उघडा, त्या त्यासाठीच आहेत.

मुंबई-पुण्याहून नातेवाईक विचारतात, आपल्याकडे बसवावं का? मुंबईच्या हिवाळ्यात वाचवायला ऊबच नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेनं उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावा असं सांगितलंय, आणि कोकणासाठी तेच खरं उत्तर आहे. अडचण एसीची. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, तीच ती थंड करतो. दारं बंद करून रात्रभर झोपलं तर पुण्यातही सकाळी तोच २००० चा आकडा दिसतो. रस्त्याची धूळ आणि धूर असह्य असलेल्या घरात एखाद्या झोपायच्या खोलीला चांगला फिल्टर असलेलं छोटं ईआरव्ही शोभेल. दमट हवेतली थोडी वाफ ते बाहेरच अडवतं. बाकीच्यांनी झोपण्याआधी एसी बंद करून, दोन समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडाव्यात. एकही पैसा लागत नाही.

थंड देशात राहणाऱ्यांनी मात्र कारागीर ठरवताना भावाच्या आधी एकच गोष्ट विचारावी: काम संपल्यावर प्रत्येक खोलीत सेकंदाला किती लिटर हवा येते-जाते, ते माझ्यासमोर मोजून सही करून लिहून देणार का? उत्तर देताना तो घुटमळला, तर दुसरा शोधा.